फोटो गेला कुठे? पायथन बाइंडिंगमधल्या मालकीच्या घोळामागचा इतिहास

टीकेइंटर (खिडक्या-बटणं काढणारी टीके ही लायब्ररी पायथनमधून वापरू देणारा दुवा, म्हणजे बाइंडिंग) शिकताना हा फटका बहुतेकांना बसतो. फंक्शनमध्ये फोटोइमेज तयार केली, लेबलला दिली, आणि खिडकीत चित्राच्या जागी नुसती रिकामी जागा. एरर वगैरे काही नाही. लेबलकडे खरं तर चित्र गेलेलंच नसतं, गेलेलं असतं फक्त ‘पायइमेज१’ हे नाव; चित्र सांभाळतं टीके. फंक्शन संपलं की पायथनचा फोटो ऑब्जेक्ट मरतो आणि मरता मरता टीकेला ते चित्र पुसायला लावतो. उपाय एका ओळीचा: ‘लेबल.इमेज = फोटो’. ही ओळ इतकी निरुपयोगी दिसते की कोड साफ करणारा कुणीतरी हमखास ती उडवतो.

याचं मूळ पायथनच्या जन्मापासूनच्या हिशेबात आहे. १९९१ पासून प्रत्येक ऑब्जेक्टवर एक आकडा असतो: आपल्याला किती जणांनी धरलंय. शून्य झाला की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे मोकळा. पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले, तर शून्य कधीच येत नाही. म्हणून ऑक्टोबर २००० मध्ये २.० आवृत्तीत अशी वर्तुळं शोधून मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर आला. पुढच्या वर्षी २.१ मध्ये वीक रेफरन्स, म्हणजे आकडा न वाढवता ऑब्जेक्ट धरण्याची सोय.

क्यूटी या सी++ मधल्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचा कायदा निराळा. तिथे पालक विजेट (खिडकी, बटण असा पडद्यावरचा घटक) मेलं की त्याच्या आतली मुलंही जातात, पायथनने त्यांना धरलेलं असो वा नसो. १९९८ मध्ये क्यूटीचं पायथन बाइंडिंग, पायक्यूटी, आलं आणि एकाच सातबाऱ्यावर दोन मालक लागले, दोघांचे तलाठी वेगळे. इथे टीकेइंटरच्या उलट घडतं: पायथनच्या हातात टरफल उरतं, आतला सी++ ऑब्जेक्ट केव्हाच गेलेला. त्याला हात लावला की ‘रनटाइमएरर’. मालकी कुठल्या कॉलमध्ये कुणाकडे जाते, हे बाइंडिंग लिहिणाऱ्याला सिप (बाइंडिंगचा कोड तयार करणारं साधन) याच्या फाइलींमध्ये हाताने नोंदवावं लागतं. एक नोंद चुकली की क्रॅश.

सगळ्यात चिवट बग मात्र त्या कलेक्टरमुळेच येतात. नव्या ऑब्जेक्टांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली (बरीच वर्षं ही मर्यादा ७०० होती) की तो चालतो, आणि तोही ज्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकात) मर्यादा ओलांडली गेली त्याच थ्रेडमध्ये. तो थ्रेड मुख्य नसला तर वर्तुळात अडकलेलं विजेट मुख्य थ्रेडबाहेर मारलं जातं, आणि क्यूटीला ते चालत नाही. म्हणून आपोआप चालणारा कलेक्टर बंद करून मुख्य थ्रेडमधल्या टायमरवर तो हाताने चालवणारे प्रोग्रॅम आजही सापडतात.