मॅकमॅन्शन

मॅकमॅन्शन : अमेरिकेच्या उपनगरांत साधारणतः १९८० नंतर बांधल्या गेलेल्या, आकाराने प्रचंड पण रचनेने विस्कळीत अशा स्वतंत्र घरांना पडलेले निंदाव्यंजक नाव. क्षेत्रफळाची सर्वमान्य अट नाही. सु. ३,००० चौ. फुटांपुढील घरांना हे नाव लावण्याचा प्रघात असला, तरी निव्वळ मोठेपणामुळे घर मॅकमॅन्शन ठरत नाही. भूखंडाच्या कडांपर्यंत फुगवलेला विस्तार आणि उसन्या शैलींचा बेमेळ या दोन गोष्टी त्यात गृहीत असतात.

संज्ञेच्या उगमकाळाबद्दल मतभेद आहेत. ‘मॅक’ हे मुळात गेलिक भाषेतील ‘पुत्र’ या अर्थाचे, आडनावांच्या आधी येणारे पद. येथे मात्र ते मॅकडॉनल्ड्स या उपाहारगृहांच्या साखळीवरून आले, याबद्दल दुमत नाही. नाव १९८०च्या दशकाच्या आरंभी पडले असे अनेक ठिकाणी म्हटलेले आढळते. लेखी उल्लेखांत लॉस अँजेलिस टाइम्समधील जुलै १९९० चा उल्लेख सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. शब्दघडणीचा पुरावा आधीच्या काळाला अनुकूल आहे. १९८२ मध्ये निघालेल्या यूएसए टुडे या वृत्तपत्राला ‘मॅकपेपर’ असे हिणवले जाई, तर अल्प वेतनाच्या, काही न शिकवणाऱ्या नोकरीसाठी ‘मॅकजॉब’ हा शब्द समाजशास्त्रज्ञ आमिताई एत्झिओनी यांच्या १९८६ मधील लेखामुळे गाजला. म्हणजे ‘साच्यातले, झटपट, सगळीकडे सारखे’ हा अर्थ दशकाच्या मध्यापर्यंत या पदाला चिकटलेला होता. त्यामुळे मॅकमॅन्शन हा शब्द छापला जाण्यापूर्वी काही वर्षे बोलण्यात असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. न्यूयॉर्क आणि डॅलस येथील वृत्तपत्रांची तुलना करून ब्रायन मिलर यांनी २०१२ मध्ये त्याचे चार अर्थ वेगळे केले : मोठे घर, शेजारच्या घरांच्या मानाने मोठे घर, वाईट रचनेचे घर, आणि उपनगरांची बेसुमार वाढ किंवा उधळपट्टी यांचे प्रतीक. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिसरा अर्थ विचारात घेतला आहे.

रचनेतील पहिला दोष घनाकारांच्या मांडणीचा. जुन्या हवेलीत एक मुख्य घन ठळक असतो आणि बाकीचे भाग त्याला दुय्यम राहतात. मॅकमॅन्शनमध्ये असा मुख्य भाग सापडत नाही. प्रत्येक खोली दर्शनी बाजूला पुढे येऊ पाहते आणि प्रत्येकीवर वेगळे छप्पर बसते. एकाच दर्शनी बाजूवर पाच-सहा गेबल, म्हणजे छपराच्या दोन उतारांखालच्या त्रिकोणी भिंती, दिसणे नेहमीचे. याचे मूळ सुतारकामातील बदलात आहे. दातेरी पोलादी पट्ट्या दाबून लाकडे जोडलेल्या तयार कैच्यांचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचा, प्रसार १९५०च्या दशकात फ्लॉरिडातून झाला. पूर्वी छपराचा प्रत्येक मोड सुताराला जागेवर मापून कापावा लागे, म्हणून तो विचार करूनच घेतला जाई. कैच्या कारखान्यातून येऊ लागल्यावर हा अंकुश सुटला. दोन उतार आत मिळून होणाऱ्या पन्हळी वाढल्या की तेथे पाला साचतो आणि गळतीही तेथूनच सुरू होते; म्हणजे येथे कुरूपता आणि गैरसोय एकाच कारणातून येतात.

दुसरा दोष खांबांचा. प्राचीन रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने दोन खांबांमधील अंतर खांबाच्या व्यासाच्या सव्वादोनपट असणे उत्तम मानले होते. इटालियन वास्तुकार विन्योलाच्या १५६२ मधील नियमांनुसार अभिजात खांबांच्या शैलींपैकी टस्कन खांबाची उंची व्यासाच्या सातपट, डोरिकची आठपट, आयोनिकची नऊपट आणि कॉरिंथियनची दहापट असावी. या हिशेबाने १८ फूट उंचीचा दुमजली खांब सर्वांत सडपातळ, म्हणजे कॉरिंथियन, मानला तरी त्याला जवळजवळ दोन फूट व्यास हवा. मॅकमॅन्शनच्या प्रवेशद्वाराशी तो अनेकदा फूटभरच असतो आणि आतून पोकळ असतो. त्याहून महत्त्वाची बाब तुळईची. वरच्या तुळईचा दर्शनी पृष्ठभाग खांबाच्या मानेच्या रेषेत यावा, म्हणजे भार खाली उतरताना दिसतो. येथे तुळई पातळ असते, पुढे किंवा मागे सरकलेली असते, नाहीतर नसतेच. खांब उभा असतो, पण तो काही पेलतो आहे असे डोळ्यांना वाटत नाही. खिडक्यांच्या झडपांचेही तेच. मिटल्यावर खिडकी झाकेल इतकी त्यांची रुंदी असावी; भिंतीला कायमच्या ठोकलेल्या अरुंद फळ्यांना ते कधीच जमणार नाही.

समोर विटा किंवा दगड आणि बाजूंना व्हायनल या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हा काटकसरीचा प्रकार. फोमच्या तक्त्यांवर पातळ थर देऊन केलेला कृत्रिम गिलावाही लोकप्रिय होता. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १९९०च्या दशकाच्या मध्यास अशा घरांच्या भिंतींत पाणी अडकून आतले लाकूड कुजल्याचे उघडकीस आले. आत दोन मजले उंच प्रवेशदालन असते; त्याला यमक साधून ‘लॉयर फॉयर’ म्हणतात.

वाढीची कारणे बहुतांशी आर्थिक आहेत. लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून बांधलेली घरे सु. ७५० चौ. फुटांची होती. अमेरिकेतील नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ १९५० मधील सु. ९८० चौ. फुटांवरून २०१५ पर्यंत सु. २,६९० चौ. फुटांवर गेले, याच काळात कुटुंबाची सरासरी माणसे ३.४ वरून सु. २.५ वर आली. गृहकर्जाच्या व्याजावरील करसवलत जुनीच होती. १९९७ च्या कायद्याने घरविक्रीतील दाम्पत्याचा ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त झाला. घर हे विकायची वस्तू म्हणून पाहिले जाऊ लागले आणि जाहिरातीत मोजून दाखवता येतील अशा गोष्टी, म्हणजे स्नानगृहे, मोटारींच्या जागा व चौरस फूट, यांना महत्त्व आले. प्रमाणबद्धता मोजून विकता येत नाही.

ही टीका म्हणजे जुन्या श्रीमंतांनी नवश्रीमंतांना नाक मुरडणे होय, असेही एक मत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथील धनाढ्य व्हँडरबिल्ट कुटुंबाचे ‘द ब्रेकर्स’ (१८९५) हे ७० खोल्यांचे घरही इटालियन प्रासादांचे अनुकरणच आहे, आणि भपक्यात ते कोणत्याही मॅकमॅन्शनच्या पुढे आहे. तरी वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट यांना त्या शैलीचे व्याकरण अवगत होते, म्हणून ते बेढब वाटत नाही. भपका आणि बेढबपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नियमन स्थानिक पातळीवर झाले. ऑरेगनमधील पोर्टलंडने १९९९ मध्ये गॅरेज पुढे काढलेल्या दर्शनी रचनेवर निर्बंध आणले. टेक्ससमधील ऑस्टिनने २००६ मध्ये चटई क्षेत्र निर्देशांक (एकूण बांधकामाचे भूखंडाशी प्रमाण) ०.४ किंवा २,३०० चौ. फूट, यांपैकी जे अधिक असेल ती मर्यादा घातली. लॉस अँजेलिसचा घरांच्या आकारावरील २००८ चा नियम सवलतींमुळे अपुरा ठरल्याने २०१७ मध्ये कडक करण्यात आला.