मोज्यात अडकलेली घाण अजून पाण्यातच असते

खाऱ्या पाण्याच्या टाकीखालचं कपाट उघडलं की आत दुसरी, बिनमाशांची टाकी असते. तिला संप म्हणतात. वर क्लाउनफिशची जोडी मजेत डुलत असते आणि त्यांच्या संसाराची सगळी घाण इथे उतरते. पहिल्या खणात पाणी गाळायला कापडी मोजा. घालताना पांढराशुभ्र असतो, चार दिवसांत तपकिरी आणि बुळबुळीत होतो. पिळला की चहाच्या रंगाचं पाणी गळतं आणि बंदरावरच्या ओहोटीचा वास सुटतो.

गंमत अशी, की मोजा गाळ धरून ठेवतो, बाहेर काढत नाही. टाकीचं सगळं पाणी दिवसरात्र त्याच गाळातून जातं. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथे कुजते, अमोनिया सुटतो. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४, आणि सामू एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. सामू कमी असलेल्या गोड्या पाण्यात खपून जाणारा आळस इथे खपत नाही. म्हणून मोजा तुंबायची वाट न बघता तीन-चार दिवसांनी बदलायचा.

पुढच्या खणात स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पिवळसर फेस साचतो ना, तोच प्रकार इथे नळीत चालतो. प्रथिनांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाणी टाळतं. त्यामुळे ते बुडबुड्याच्या कडेला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जाऊन पडतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, मिठामुळे ते बारीक राहतात. बारीक बुडबुडे म्हणजे चिकटायला जास्त जागा. कुजण्याआधीच घाण पाण्याबाहेर काढणारं संपमधलं हे एकच यंत्र, म्हणून माझा त्याच्यावर जीव. मात्र नळीच्या गळ्याशी मेणचट थर बसला की फेस वर चढेनासा होतो. आठवड्यातून एकदा तो पुसावाच लागतो. तेलकट हातानेही फेस मोडतो. आमच्याकडे स्किमर अचानक झोपला की पहिला प्रश्न, आज टाकीत हात कोणी घातला?

आता खरी गोम. संपमध्ये ठेवलेल्या सिरॅमिकच्या रिंगांवरचा बुळबुळीत थर घाणीसारखाच दिसतो, पण ती वस्ती आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे राहतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे केले आणि ते अमोनिया, नायट्राइट जाळूनच पोट भरतात हे दाखवलं. या जेवणात ऊर्जा फार थोडी, म्हणून वाढ मंद. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना अर्ध्या दिवसापासून दिवस-दोन दिवस लागतात. मी पहिल्या वर्षी उत्साहाने सगळ्या रिंगा नळाखाली धरल्या, पाणी नितळ येईपर्यंत. नळातल्या क्लोरीनने वस्ती साफ झाली. तिसऱ्या दिवशी चाचणीच्या नळीतलं पिवळं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया. पुढचे कित्येक दिवस पाणी बदलण्यात गेले. तेव्हापासून टाकीचंच पाणी बादलीत काढून त्यात रिंगा नुसत्या हलवतो, आणि एका वेळी एक तृतीयांशच.

संपच्या तळाचा गाळ पंप बंद करून नळीने ओढून घ्यावा. ढवळू नये. खाली काळे डाग दिसले आणि सडक्या अंड्यांचा वास आला, तर ऑक्सिजन न पोचलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड झालाय. तो एकदम पाण्यात मिसळला तर मासे दगावतात. पंपाच्या पात्यावर बसणारा पांढरा थर मात्र गाळ नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी घेऊन पंप त्यात बुडवला की फसफस सुरू होते.

काढलेल्या गाळाची बादली मोरीत ओतण्याआधी मोबाइलचा टॉर्च मारून बघा. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतील. ते कोपेपॉड, गाळावर वाढणारे इवलेसे जीव, आणि मँडरिन माशाचं आवडतं खाणं. मी चहाच्या जुन्या गाळणीने जमतील तेवढे उचलतो आणि परत संपमध्ये सोडतो. गाळणीला घरात आता दुसरं कोणी हात लावत नाही.