'फुई' की 'इबा'? स्पॅनिशचे दोन भूतकाळ

'मी गेलो' म्हणजे फुई, 'मी जायचो' किंवा 'मी जात होतो' म्हणजे इबा. पहिल्या रूपाला प्रेतेरितो म्हणतात, दुसऱ्याला इम्पेर्फेक्तो. हा फरक मराठीत रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून स्पॅनिशचा भूतकाळ इंग्रजीतून शिकू नये असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीतलं 'लिव्ह्ड' दोन्हीकडे चालतं आणि तिथेच घोळ होतो.

'प्रेतेरितो थोड्या वेळाचा, इम्पेर्फेक्तो लांबलेल्या वेळाचा' हा नियम बरेच जण पाठ करतात. तो सोडून द्या. 'बिबी त्रेस आन्योस एन माद्रिद', म्हणजे तीन वर्षं माद्रिदला राहिलो. काळ मोठा, तरी प्रेतेरितो, कारण मुक्काम संपला आणि मोजूनही झाला. आपणही इथे 'राहिलो'च म्हणतो. 'कुआंदो बिबीआ एन माद्रिद', म्हणजे माद्रिदला राहत होतो तेव्हा... इथे ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो. व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी १८४७च्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात इम्पेर्फेक्तोला 'कोप्रेतेरितो' म्हटलं, म्हणजे दुसऱ्या भूतकाळाच्या सोबतीने चालणारा. मला हे नाव जास्त पटतं. 'योबीआ कुआंदो साली': बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता. पडणारा पाऊस सोबतीला, बाहेर पडणं ही घटना.

खरी गंमत पुढे आहे. 'लो साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'लो सुपे' म्हणजे कळलं. 'ला कोनोसीआ', तिला ओळखत होतो. 'ला कोनोसी', तिची ओळख झाली. मराठी इथे शब्दच बदलते, स्पॅनिश नुसता काळ बदलते. 'नो केरीआ इर' म्हटलं तर जायची इच्छा नव्हती, पण कदाचित गेलोही असेन. 'नो किसे इर' म्हटलं की नकार दिला, विषय संपला.

मराठी दगा देते ती एका ठिकाणी. 'तीन वाजले होते' हे आपल्याला पूर्ण झालेलं वाटतं, पण स्पॅनिशमध्ये 'एरान लास त्रेस', इम्पेर्फेक्तोच. 'दहा वर्षांचा होतो' हेसुद्धा 'तेनीआ दिएस आन्योस'.

रूपांचं म्हणाल तर इम्पेर्फेक्तोत सेर (असणं), इर (जाणं) आणि बेर (पाहणं) ही तीनच क्रियापदं अनियमित. प्रेतेरितोत मात्र पुष्कळ, आणि सेर व इर यांची रूपं तर हुबेहूब सारखी: 'फुई प्रोफेसोर', मी शिक्षक होतो, 'फुई आ कासा', मी घरी गेलो.