भरतीरेषा आणि ग्रामपंचायत

कोकणातल्या किनारी गावाची ग्रामपंचायत बातमीत येते ती बहुधा पाण्यावरून, नाहीतर किनाऱ्यालगतच्या बांधकामावरून. पाण्याचं खापर सरपंचावर फोडता येतं. बांधकामात मात्र त्याचा शब्द शेवटचा नसतो, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत बसलेला असे. सारा गोळा करून सरकारात भरायचा हे त्याचं काम, पण वेठबिगारीसकट गावगाडा त्याच्याच ओसरीवरून हाले. 1920 साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा आला. पण ज्याची जमीन कसायची त्याच्यापुढे पंचायतीत तोंड उघडणार कोण? ते उघडलं गेलं शेतात. अलिबागच्या खारेपाटातल्या चरी गावी 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायलाच नकार दिला. संप वर्ष-दोन वर्षं नव्हे, सुमारे सहा वर्षं चालला. शेतं पडीक राहिली, पण माणसं हटली नाहीत. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली 1949 च्या कायद्याने.

पुढचा भाग सगळ्या महाराष्ट्रासारखाच: 1958 चा ग्रामपंचायत कायदा, 1962 मध्ये जिल्हा परिषदा, 1993 पासून पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती, 2011 मध्ये महिलांना निम्म्या जागा. (खरी ग्रामसभा मात्र अनेक गावांत अजूनही गणपतीत नाहीतर शिमग्यात भरते, चाकरमानी आल्यावर. कायद्यात तिची नोंद नाही, एवढंच.)

खोत गेला, तरी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, गावाकडे आली नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा (भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा) समुद्र आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा. लहान बंदरं 1996 पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. त्याआधीच, 19 फेब्रुवारी 1991 रोजी, केंद्राची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली: भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत बंधनं आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या 200 मीटरांत नवं बांधकाम जवळपास बंद. 2019 मध्ये ही 200 मीटरची पट्टी 50 मीटरवर आली, पण फक्त दाट वस्तीसाठी. दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त माणसं हवीत, तीही 2011 च्या जनगणनेप्रमाणे. माड-पोफळीत विखुरलेल्या वाड्यांच्या गावात एवढी दाटी कुठून आणणार? तिथे 200 मीटर कायम.

पाण्याला सगळ्यात जवळ असतो कोळीवाडा. होड्या ओढायच्या, जाळी वाळत घालायची, म्हणून तो तिथेच वसला, रेषा आखली जाण्याच्या कितीतरी आधी. ती रेषा दाखवणारे किनारा आराखडे राज्य सरकार करतं आणि केंद्र मंजूर करतं. त्या घरांची घरपट्टी मात्र ग्रामपंचायतच वसूल करते, आणि भिंत खचली की माणूस अर्ज घेऊन आधी तिच्याच दारात येतो.