बिलिरुबिन २०: तुंबलेलं पित्त की निकामी होणारं यकृत?

हिपॅटायटिस ए च्या काविळीत रिपोर्टवर बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) २० दिसलं की घरच्यांची झोप उडते. पण हा आकडा दोन अगदी वेगळ्या अवस्थांत दिसतो, आणि त्यातली कुठली हे तो सांगत नाही. ते आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) आणि रुग्णाची शुद्ध सांगते.

पित्त तुंबलं असेल तर रुग्ण पिवळाधमक, शौच मातकट, आणि खाज इतकी की रात्री तळहात-तळपाय ओरबाडून निघतात. तरी बोलणं सरळ, भूक हळूहळू परतलेली. कावीळ तीन महिन्यांपेक्षाही जास्त रेंगाळते, पण आपोआप उतरते.

यकृत निकामी होणं हे प्रकरण वेगळं. हिपॅटायटिस ए मध्ये ते शंभरात एकालाही होत नाही. उतारवयात किंवा यकृत आधीच दुखावलेलं असेल तर धोका वाढतो. आयएनआर १.५ किंवा त्याहून जास्त आणि जोडीला भ्रम किंवा गुंगी, ही त्याची खूण. कधी कधी डोळे फारसे पिवळे होण्याआधीच रुग्ण बरळू लागतो.

इथे एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम, हमखास फसवतं. ३००० वरून दोन दिवसांत ५०० वर आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. त्याच वेळी आयएनआर चढत असेल तर ही सुधारणा नव्हे. एन्झाइम सांडायला पेशीच उरलेल्या नाहीत.

आयएनआरचीही एक गोम आहे. पित्त आतड्यात उतरलं नाही की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, म्हणून नुसत्या तुंबण्यातही तो वाढतो. व्हिटॅमिन के शिरेतून दिल्यावर साधारण दिवसभरात तो खाली आला, तर दोष शोषणाचा. तसाच राहिला तर यकृत गोठणघटक बनवतच नाहीये. प्लाझ्मा (दात्याच्या रक्तातला गोठणघटक असलेला द्रव) देऊन आकडा सजवू नये, पुढचा अंदाजच हरवतो. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी.

शुद्ध तपासणं सोपं आहे. हात पुढे, मनगटं वर वळवून बोटं पसरायला सांगा. पंजे फडफडतात का पाहा. १०० मधून ७ वजा करत जायला सांगा. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, हीसुद्धा शुद्ध हरपण्याची सुरुवातच. अशा वेळी झोपेची गोळी देणं ही सर्वांत वाईट चूक. रक्तातली साखरही लगेच बघा, ती घसरूनही माणूस बरळतो.

पंजे फडफडले किंवा उत्तरं चुकू लागली, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी बोलावं. मेंदूला सूज आल्यावर रुग्णाला हलवणंच धोक्याचं होतं.