तिकिटासोबत पोकेमॉन : व्हिडिओ गेमवरच्या जपानी अ‍ॅनिमेशनपटांची पार्श्वभूमी

रात्रीची वेळ. मारिओ टीव्हीसमोर बसून गेम खेळतोय. एकाएकी पडद्यातून एक राजकन्या थेट खोलीत उडी मारते. तिच्या मागे शत्रूंची झुंड, आणि सगळ्यांच्या शेवटी खुद्द राजा कूपा. झटापट होते, कूपा राजकन्येला उचलून पुन्हा पडद्यात नाहीसा होतो. मारिओजवळ उरतो तो फक्त तिचा हार. पुढे तो भाऊ लुइजीबरोबर आपल्या किराणा दुकानात उभा आहे, पण जीव सगळा त्या हारात अडकलेला.

हा प्रसंग आहे 20 जुलै 1986 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटातला. त्याच्या लांबलचक जपानी नावाचा अर्थ ‘सुपर मारिओ ब्रदर्स : राजकन्या पीचच्या सुटकेची मोठी मोहीम’ असा. दिग्दर्शक मासामी हाता, लांबी जेमतेम तासभर. मूळ गेम सप्टेंबर 1985 मध्ये बाजारात आला होता, म्हणजे गेम ते चित्रपट हा प्रवास दहा महिन्यांत उरकला. व्हिडिओ गेमवरून बनलेल्या जगातल्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. त्याच दिवशी ‘स्टार सोल्जर’ या हडसन कंपनीच्या गेमभोवती गुंफलेला आणखी एक अ‍ॅनिमेशनपट जपानी चित्रपटगृहांत लागला. 20 जुलै ही तारीख सहज निवडलेली नव्हती. त्याच सुमाराला जपानी शाळांची उन्हाळी सुट्टी सुरू होते, आणि पुढे या प्रकारच्या चित्रपटांचं बरंचसं गणित या सुट्टीभोवतीच फिरत राहिलं.

आपल्याकडे मारिओ पोचला तो वेगळ्या वाटेने. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त, नकली कन्सोल घरोघरी आले. कॅसेट अडकली की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. डोंबिवली असो की कोल्हापूर, हा विधी सगळीकडे सारखाच. पण त्या मारिओवर जपानमध्ये कधीच पिक्चर येऊन गेला होता, हे त्या वेळी आपल्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

त्या काळच्या गेममध्ये गोष्ट फारशी नसायची. राजकन्या पळवली गेली आहे, डावीकडून उजवीकडे धावत जा, तिला सोडव, संपलं. साठ मिनिटं भरायची तर लेखकाला पदरचं काही घालावंच लागे. म्हणून या चित्रपटात किबिदांगो नावाचा एक कुत्रा येतो, जो खरं तर शापित राजपुत्र निघतो. पीचचं लग्न त्याच्याशी ठरलेलं असतं. मारिओ तिला सोडवतो, त्या दोघांना शुभेच्छा देतो आणि घरची वाट धरतो. मला हा शेवट फार आवडतो. लोककथेत शोभावा इतका साधा आणि थोडा दुखरा आहे तो. ज्या निन्टेन्डो कंपनीने मारिओला आज जगभरचं बोधचिन्ह बनवलंय, ती असा शेवट आता होऊ देईल असं वाटत नाही.

या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि तिथेच गाडी थांबली. जपानबाहेर त्याचं अधिकृत वितरण झालंच नाही. 2022 मध्ये चाहत्यांच्या एका गटाने जुनं 16 मिलिमीटरचं रीळ मिळवून, साफ करून, त्याची फोर-के प्रत तयार केली. आज जगातले बहुतेक लोक हा चित्रपट पाहतात तो अशा चाहत्यांच्या मेहनतीमुळेच.

चित्रपटगृहाशिवायचा एक मार्ग जपानला 1983 मध्येच सापडला होता. मामोरू ओशी यांच्या ‘दालोस’पासून थेट व्हिडिओ कॅसेटसाठी अ‍ॅनिमेशन बनवण्याची पद्धत रुळली. तिला ओव्हीए म्हणतात. टीव्हीवाल्यांची परवानगी नको, चित्रपटगृह मिळवण्याची यातायात नको, गेमचा चाहता कॅसेट विकत घेईल किंवा भाड्याने आणेल एवढा भरवसा पुरे. गेमवरच्या कितीतरी छोट्या कलाकृती याच वाटेने आल्या. ‘सॉनिक’वरची 1996 ची दोन भागांची ओव्हीए अमेरिकेत एकत्र जोडून चित्रपट म्हणून विकली गेली.

मोठ्या पडद्यावर खरी उडी मारली ती 1994 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने. 1991 चा हा गेम जपानी गेम सेंटरांत धुमाकूळ घालत होता. इथे लेखकाची अडचण उलटी होती. मारिओमध्ये पात्रं मोजकी, तर इथे डझनावारी लढवय्ये, प्रत्येकाचा वेगळा देश, वेगळा डाव आणि वेगळा चाहता. कुणाला वगळायचं? दिग्दर्शक गिसाबुरो सुगी यांनी जवळजवळ कुणालाच वगळलं नाही. खलनायकाचे यंत्रमानव जगभर हिंडून लढवय्यांची ताकद मोजतात, या एका धाग्यात त्यांनी सगळे ओवले.

चित्रपटाची सुरुवात पाहण्यासारखी आहे. मोकळं गवताळ रान, वादळ, कडाडणारी वीज, आणि र्‍यू व सगात हे दोन लढवय्ये समोरासमोर. गेममध्ये सगातच्या छातीवर एक मोठा व्रण दिसतो, पण तो आला कुठून हे खेळताना दिसत नाही. चित्रपट तो व्रण आपल्या डोळ्यांदेखत पाडतो. हाणामारी खरी वाटावी म्हणून कराटे आणि किकबॉक्सिंगच्या जगातल्या काझुयोशी इशी आणि अँडी हुग यांचं मार्गदर्शन घेतलं होतं, आणि ते प्रत्येक ठोशात जाणवतं. हात नुसता हलत नाही, मागून अख्ख्या अंगाचं वजन येतं.

गाण्याची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. तेत्सुया कोमुरो यांनी रचलेलं आणि र्‍योको शिनोहारा यांनी गायलेलं या चित्रपटाचं गीत जपानमध्ये 20 लाखांहून अधिक प्रतींनी खपलं. चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा हे संगीत काढून त्या जागी कॉर्न, अ‍ॅलिस इन चेन्स अशा तिथल्या रॉक बँडची गाणी भरली. काही दृश्यं कापली. नावांचा घोळ तर गेमपासूनच होता. जपानी आवृत्तीतल्या बॉक्सरचं नाव एम. बायसन. ते माइक टायसनच्या फार जवळ जातं म्हणून अमेरिकेसाठी तीन पात्रांची नावं आपापसांत फिरवली गेली, आणि इंग्रजी डबिंगने तीच फिरवलेली नावं उचलली. त्यामुळे एकच खलनायक जपानमध्ये वेगा, तर बाहेर बायसन. वितरक बदलला की चित्रपट बदलतो, ही या क्षेत्राची जुनी खोड इथे नीट दिसते.

मग आला पोकेमॉन, आणि त्याने धंद्याची रीतच पालटली.

पोकेमॉन नावाचे अजब जीव पकडून एकमेकांशी लढवायचा हा गेम फेब्रुवारी 1996 मध्ये आला, मालिका एप्रिल 1997 मध्ये. त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या संध्याकाळी एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप दाखवली गेली आणि जपानभर 685 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांत बहुतेक मुलं होती. मालिका चार महिने बंद पडली. जपानी अ‍ॅनिमेशनच्या सुरुवातीला आजही ‘खोलीत उजेड ठेवा, पडद्यापासून लांब बसा’ अशी सूचना येते, तिचं मूळ त्या संध्याकाळी आहे. एप्रिल 1998 मध्ये मालिका परतली आणि अवघ्या तीन महिन्यांत, 18 जुलैला, पहिला चित्रपट लागला. दिग्दर्शक कुनिहिको युयामा, स्टुडिओ ओएलएम, वितरक तोहो.

लेखक ताकेशी शुदो यांनी निवडलेला विषय लहान मुलांच्या सुट्टीतल्या पिक्चरसाठी धाडसाचा होता. म्यूटू हा प्रयोगशाळेत, दुसऱ्या जिवाच्या पेशींपासून तयार केलेला पोकेमॉन. ‘मी कोण? मला कुणी आणि कशासाठी जन्माला घातलं?’ एवढाच त्याचा प्रश्न. नंतरच्या आवृत्तीत जोडलेल्या सुरुवातीच्या भागात एका शास्त्रज्ञाच्या मेलेल्या मुलीची प्रतिकृती म्यूटूशी बोलते, आणि मग हळूहळू विझून जाते. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत हा भाग दाखवलाच नाही. तिथल्या आवृत्तीत संगीत नव्याने रचलं गेलं आणि ‘भांडणं वाईट’ हा उपदेश ठळक केला गेला. शुदोंचा प्रश्न त्याखाली दबला. ज्या गेमचा सगळा प्राण दोन पोकेमॉनच्या लढतीत आहे, त्यावरच्या चित्रपटात हा उपदेश परका वाटतो. मूळ चित्रपटात स्वतःच्याच प्रतिकृतीवर हात न उचलता नायकाचा लाडका पोकेमॉन पिकाचू मुकाट्याने मार खात राहतो, त्यात सगळं सांगून झालेलं असतं.

तिकीटविक्री मात्र अफाट झाली. 10 नोव्हेंबर 1999 ला, बुधवारी, शाळा सुरू असताना वॉर्नर ब्रदर्सने तो अमेरिकेत लावला आणि पहिल्याच दिवशी 1 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला. तिकिटासोबत खेळायचं एक पत्तं मिळायचं : पिकाचू, म्यूटू, इलेक्टाबझ किंवा ड्रॅगोनाइट. चारही हवेत म्हणून मुलं पुन्हा पुन्हा जात. अमेरिकेतली एकूण कमाई साडेआठ कोटी डॉलरवर गेली. तिथल्या जपानी अ‍ॅनिमेशनपटांमधला हा उच्चांक 2025 मध्ये ‘डीमन स्लेयर’ येईपर्यंत टिकला. पण पत्त्यांच्या जोरावर आलेला प्रेक्षक पत्त्यांबरोबरच ओसरला. अमेरिकेत दुसऱ्या चित्रपटाने सव्वाचार कोटींच्या आसपास कमावले, तिसऱ्याने जेमतेम पावणेदोन.

जपानमध्ये मात्र घडी बसली ती बसलीच. तिथे चित्रपट लागण्याआधी आगाऊ तिकीट काढायची जुनी पद्धत आहे. पोकेमॉनवाल्यांनी तिला गेमची जोड दिली. 2007 च्या चित्रपटाच्या वेळी मुलं आपापला निन्टेन्डो डीएस, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊन चित्रपटगृहात जायची, आणि तिथे बसल्या जागी डार्कराय हा दुर्मीळ पोकेमॉन त्यांच्या यंत्रात उतरायचा. तो मिळवायला चित्रपटगृहातच जावं लागे. एकीकडे रेल्वे कंपनी जेआर ईस्ट 1997 पासून उन्हाळ्यात स्थानकास्थानकावर पोकेमॉनचे शिक्के ठेवत होती. मुलं वही घेऊन, आईवडिलांना ओढत, टोकियोभर शिक्के गोळा करत फिरायची. गेम, मालिका, चित्रपट, रेल्वे, सगळं एकाच सुट्टीत एकमेकांना धक्का देत पुढे जायचं.

हे जमतं त्यामागे जपानी चित्रपटव्यवसायातली ‘सेइसाकु इनकाई’, म्हणजे निर्मिती समिती आहे. गेम कंपनी, वाहिनी, प्रकाशक, खेळणीवाले, जाहिरात संस्था, वितरक असे सगळे थोडे थोडे पैसे घालतात आणि आपापल्या दालनातून वसूल करतात. एकट्यावर बोजा पडत नाही. पण यात चित्र काढणाऱ्या स्टुडिओचा वाटा बहुधा नसतो. तो ठरलेल्या रकमेवर काम करतो, आणि चित्रपट कितीही चालला तरी त्या पैशाचा मोठा ओघ त्याच्या दारावरून पुढे निघून जातो. ज्यांच्या हातांनी पिकाचू हलतो त्यांच्यासाठी हे अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

समितीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर उडी घेतली की काय होतं, ते 2001 मध्ये दिसलं. स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी होनोलुलूत स्टुडिओ उभारला आणि संपूर्ण संगणकावर, खरीखुरी वाटावीत अशी माणसं घडवायचं ठरवलं. नायिका आकी रॉसच्या डोक्यावर 60,000 केस होते, प्रत्येक वेगळा हलणारा. खर्च 13 कोटी 70 लाख डॉलर. जगभरातून मिळाले सुमारे साडेआठ कोटी. म्हणजे पहिल्या पोकेमॉनने एकट्या अमेरिकेत कमावले तेवढेच! स्टुडिओ बंद झाला, साकागुचींना पद सोडावं लागलं, आणि स्क्वेअर व एनिक्स या कंपन्यांचं विलीनीकरण लांबून एप्रिल 2003 वर गेलं. गंमत अशी की त्या चित्रपटाचं गेमशी नातं नावापुरतंच होतं. ना ओळखीची पात्रं, ना ओळखीचं जग.

विलीन झालेली स्क्वेअर एनिक्स 2005 मध्ये ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन’ घेऊन आली ती हा धडा गिरवूनच. ‘फायनल फँटसी’च्या सातव्या गेमच्या शेवटापासून पुढची गोष्ट, तीच लाडकी पात्रं, आणि जपानमध्ये थेट डीव्हीडी. पहिल्या आठवड्यातच चार लाखांहून अधिक प्रती गेल्या. कॅपकॉम या गेम कंपनीने 2008 पासून ‘बायोहझार्ड’चे, म्हणजे बाहेरच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’चे, संगणकपट काढले, तेही मोजक्या चित्रपटगृहांत थोडे दिवस आणि मग डिस्कवर. ‘प्रोफेसर लेटन’चा 2009 चा चित्रपट इंग्लंड-अमेरिकेत पोचला. 2006 चा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ मात्र इंग्रजीत अधिकृतपणे कधीच आला नाही. मारिओचीच गत.

आपल्याकडे पोकेमॉन 2003 च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीत आला. मराठी घरांतली एक अख्खी पिढी शाळेतून आल्यावर दप्तर फेकून मालिकेचा हिंदी बोलणारा नायक अ‍ॅश पाहत वाढली. चिप्सच्या पाकिटातल्या टॅझो नावाच्या चकत्यांची अदलाबदल मराठीत व्हायची, पण पिकाचूची गोष्ट मराठीत ऐकायला मिळाली नाही. चित्रपटही जाहिरातींच्या मधून, छोट्या पडद्यावरच भेटले. फेब्रुवारी 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर दोन आठवड्यांच्या अंतराने ‘ड्रॅगन क्वेस्ट : युअर स्टोरी’ आणि म्यूटूच्या गोष्टीची संगणकीय नवी आवृत्ती आली, तेव्हा कुठे जपानमधल्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच असा चित्रपट नाशिकच्या घरात बसून पाहता आला.

2023 मध्ये मारिओ पुन्हा पडद्यावर आला आणि जगभरात 130 कोटी डॉलरहून अधिक कमावून गेला. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो निर्माते आणि निन्टेन्डोचा पैसा, पण अ‍ॅनिमेशन पॅरिसच्या स्टुडिओत झालं आणि वितरण युनिव्हर्सलने केलं. त्याआधी, ऑक्टोबर 2022 मध्ये, निन्टेन्डोने डायनॅमो पिक्चर्स हा जपानी स्टुडिओ विकत घेऊन त्याचं नाव निन्टेन्डो पिक्चर्स ठेवलं होतं. म्हणजे चित्र काढणारे हात आता गेम कंपनीच्या घरातही आले आहेत. 1986 च्या त्या तासाभराच्या चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी मात्र अजूनही निघालेली नाही.