नाकात बोळे घातलेले सॅल्मन

सिएटलजवळ इसाक्वा नावाचा एक ओढा आहे. त्याचे दोन फाटे एका ठिकाणी येऊन मिळतात. १९५०च्या दशकात आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अंडी घालायला समुद्रातून परतलेले कोहो जातीचे सॅल्मन मासे दोन्ही फाट्यांतून पकडले, काहींच्या नाकपुड्यांत बोळे कोंबले आणि सगळ्यांना संगमाच्या खाली नेऊन सोडलं. मोकळ्या नाकाचे मासे बहुतेक आपापल्याच फाट्याला वळले. बोळेवाल्यांचा मात्र गोंधळ उडाला.

हॅस्लरना ही कल्पना सुचली ती डोंगर चढताना. लहानपणी ओळखीच्या असलेल्या धबधब्याजवळ शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि विसरलेले सवंगडी डोळ्यांसमोर उभे राहिले. माशालाही असंच होत असेल तर?

सॅल्मनचं पिल्लू गोट्यांखालच्या अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकत असते. ती संपली की ते वर येऊन किडे टिपू लागतं. कोहोचं पिल्लू साधारण वर्षभर ओढ्यातच काढतं. मग अंगावरचे काळपट पट्टे जाऊन चंदेरी झाक येते. खरी उलथापालथ आत चालते. गोड्या पाण्यात कल्ले मीठ आत ओढत असतात. आता तेच कल्ले मीठ बाहेर टाकायला शिकतात. हे केल्याशिवाय समुद्रात उतरायची सोय नाही. याच दिवसांत थायरॉइडचं संप्रेरक उसळतं आणि ओढ्याचा वास मेंदूत पक्का बसतो.

भर समुद्रात वासाचा उपयोग नाही. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिशा दाखवतं. नाकाचं काम किनारा गाठल्यावर सुरू होतं. नदीत शिरल्यावर खाणं बंद. नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो. मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवत खड्डा करते, अंडी घालते, आणि थोड्याच दिवसांत दोघंही मरतात. अटलांटिक सॅल्मनमधले काही यातून वाचतात, कोहो नाही.

पुढे १९७०च्या दशकात हॅस्लर यांच्या गटाने आणखी एक खोडी काढली. हॅचरीतल्या, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवण्याच्या केंद्रातल्या, पिल्लांच्या पाण्यात मॉर्फोलिन नावाच्या रसायनाचा अगदी किंचित वास मिसळला आणि पिल्लं मिशिगन सरोवरात सोडली. दीड वर्षाने एका ओढ्यात तेच रसायन थेंबाथेंबाने सोडलं. मासे त्या ओढ्यात चढले. त्यांच्यापैकी एकाचाही जन्म तिथे झालेला नव्हता.